चंद्राची मोजणी झाली, दळीच्या प्लॉटची कधी?



२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरला. त्या भागात यान उतरवणारा भारत पहिला देश ठरला. आम्हालाही आनंद झाला, तो लपवण्याचे काही कारण नाही. पण त्या आनंदावर मालकी सांगायला काही मंडळी लगेच पुढे आली. उड्डाणाच्या आदल्या दिवशी यानाची छोटी प्रतिकृती तिरुपतीच्या देवापुढे ठेवून झाली होतीच. यान उतरल्यावर तीन दिवसांनी पंतप्रधानांनी त्या जागेला 'शिवशक्ती' असे नाव दिले. त्याच वर्षी मे महिन्यात इस्रोच्या तत्कालीन प्रमुखांनी उज्जैनच्या संस्कृत विद्यापीठातल्या समारंभात विज्ञानाची मूळ तत्त्वे वेदांतून निघाल्याचे सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग मोबाईलवर फिरू लागले की चंद्राचे अंतर आमच्या ऋषींना ठाऊकच होते, गोऱ्यांनी ते चोरले, आणि आता आम्ही आमचेच परत घेतले.

आपल्या चळवळीतले काही तरुण याला जे उत्तर देतात तेही आम्हाला पुरेसे वाटत नाही. 'गटारात माणूस मरतोय आणि तुम्ही चंद्रावर जाताय' हे वाक्य खरे आहे. लँडर उतरल्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख करावी लागली, म्हणजे मरणे चालूच होते. पण एवढे बोलून थांबलो तर समोरचा म्हणतो, 'तुम्हाला देशाच्या प्रगतीचे वावडेच आहे.' आणि वाद तिथेच संपतो. तो संपू नये म्हणून इतिहासात जरा मागे जाऊ. आकाशाचे ज्ञान या देशात कोणासाठी वापरले गेले, कोणाविरुद्ध वापरले गेले, आणि आज आमच्या मुरबाड-शहापूरच्या डोंगरउतारावर ते काय करते आहे, ते पाहू.

'सब कुछ वेदों में है' या आजाराचे निदान एका शूद्र मानलेल्या घरातल्या शास्त्रज्ञाने आधीच करून ठेवले आहे. मेघनाद साहा, जन्म १८९३, ढाक्याजवळच्या एका खेड्यातला. बाप किराणा दुकानदार, जात 'खालची'. कलकत्त्याच्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये उच्चवर्णीय मुलांनी त्यांना पंगतीला बसू दिले नाही, सरस्वतीपूजेतही शिवू दिले नाही. विद्येच्या देवीजवळ ज्याला जाता आले नाही त्या मुलाने १९२० साली असे समीकरण मांडले की ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि घटना वाचता येऊ लागली. आज जगात कुठेही ताऱ्यांचा अभ्यास करणारा विद्यार्थी साहा समीकरण शिकल्याशिवाय पुढे सरकत नाही. तर हेच साहा एकदा एका वकिलाला आपले संशोधन समजावून सांगत होते. त्यावर तो वकील म्हणाला, यात नवीन काय, हे सगळे वेदात आहेच. साहांनी विचारले, वेदात नेमके कुठे? वकिलाने वेद वाचलेलेच नव्हते! साहांनी हा किस्सा छापला आणि बंगालमध्ये मोठा गदारोळ उठला. मग साहांनी वेद आणि सिद्धांतग्रंथ उघडून, कोणत्या ग्रंथात काय आहे आणि काय नाही, हे जाहीरपणे मांडले. १९५२ साली हा माणूस अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेला. आपल्या वस्तीतल्या वाचनालयात किती ठिकाणी त्यांचा फोटो आहे? आम्हाला तरी फारसा दिसलेला नाही.

आता आपल्या तालुक्यातला पुरावा बघू. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने टोकावडे सोडले की वैशाखरे लागते. तिथून नाणेघाटाची वाट चढते, ती वर जुन्नरकडे जाते. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने घाटावर जात असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. वय साधारण दोन हजार वर्षांच्या पुढे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या लेखाचा अभ्यास केला तेव्हा जगाला कळले की भारतातल्या सर्वात जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथे, आमच्या डोंगरात कोरलेली आहेत. एक, दोन, चार, सहा, सात, नऊ, आणि पुढे दहा, शंभर, हजार यांची स्वतंत्र चिन्हे. शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. ते पुढे आले. लेखाच्या आरंभी ज्यांना नमन केले आहे त्यांत चंद्र आणि सूर्यही आहेत.

अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण हे अंक तिथे कोरले कशासाठी? शाळेतली मुले नाणेघाटला सहलीला जातात, त्यांना कोणी हे सांगत नाही. हे अंक आहेत दक्षिणेचे. अश्वमेध केला, राजसूय केला, अमुक यज्ञ केला, आणि प्रत्येक यज्ञाला इतक्या गाई, इतके घोडे, इतके कार्षापण दिले, त्याचा हिशेब. गाई हजारांनी मोजल्या आहेत. घाटातून जाणाऱ्या बैलाच्या पाठीवरचा माल ज्या व्यापाऱ्याचा, त्याच्या जकातीतून राज्याची तिजोरी भरत होती (घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे म्हणतात) आणि यज्ञाच्या मांडवात ती रिकामी होत होती. त्याच वाटेने वर जुन्नरला गेलात तर लेण्यांमध्ये दुसऱ्या प्रकारचे आकडे भेटतात. तिथे धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, काशाची भांडी करणाऱ्यांची आहे, बांबूचे काम करणाऱ्यांची आहे. या कारागिरांकडे ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून भिक्खूंची सोय करायची, असे तिथले लेख सांगतात. बुरूडकाम करणाऱ्यांची संस्था एकेकाळी बँकेसारखी विश्वासाची होती! अंक दोन्हीकडे तेच. एकीकडे यज्ञाच्या दक्षिणेला, दुसरीकडे कारागिराच्या व्यवहाराला. म्हणून 'गणित आमच्या पूर्वजांनी दिले' असे कोणी म्हणाला की आम्ही विचारतो, कोणत्या पूर्वजांनी, आणि ते काय मोजत होते?

गणितानंतर आकाश. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले आणि ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ आहे असेही सांगितले. भारताचा पहिला उपग्रह १९ एप्रिल १९७५ ला सोडला त्याला त्याचेच नाव दिले, ते योग्यच झाले. पण आर्यभटाच्या नंतर काय झाले ते सांगत नाहीत. शेसव्वाशे वर्षांनी ब्रह्मगुप्त आला. तोही मोठा गणिती, आणि ग्रहणाचे गणित तो सावलीवरूनच करत होता. तरीही त्याने आर्यभटावर टीका केली, का, तर राहू नाकारणे हे वेद-स्मृतींच्या विरुद्ध आहे म्हणून. साधारण १०३० च्या सुमारास अल् बेरुनी नावाचा परदेशी विद्वान हे वाचून चक्रावला. हा माणूस स्वतः सावलीवरून गणित करतो, मग तोंडाने राहूचे नाव का घेतो, असा प्रश्न त्याने आपल्या ग्रंथात विचारून ठेवला आहे. आम्हाला याचे नवल वाटत नाही. गणित बरोबर करायचे आणि लोकांना मात्र राहूच सांगायचा, यातच तर पोट होते.

आणि त्या राहूचे ओझे कोणाच्या डोक्यावर आले? महाराष्ट्रात राहू-केतूला मांग-महार ठरवले गेले. ग्रहण लागले की अस्पृश्य वस्तीतल्या बायाबापड्या 'दे दान, सुटे गिराण' असे ओरडत गावातून फिरत, आणि गावकरी जुनेर, धान्य, पैसा त्यांच्या पदरात लांबून टाकत. म्हणजे सूर्य-चंद्र झाकले जाण्याचा दोषसुद्धा आपल्याच माथी. आर्यभटाच्या ज्ञानाला पंधराशे वर्षे होऊन गेली तरी ते आपल्या वस्तीपर्यंत पोहोचू दिले नाही. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे, शिळेपाके मागणे सोडा असे सांगितले. त्यानंतर आपल्या आज्या-पणज्यांनी ढोरे सोडली, भाकर मागणे सोडले, आणि गिराण मागणेही हळूहळू सुटत गेले. ग्रहणाच्या वेळी घरात चूल पेटती ठेवणारी आणि चष्मा लावून अंगणात ग्रहण पाहणारी पोरे आज ज्या वस्त्यांत जास्त दिसतात त्या कोणाच्या आहेत, ते तुम्हीच बघा. राज्यघटनेच्या कलम ५१-क (ह) मध्ये जो वैज्ञानिक दृष्टिकोन लिहिला आहे तो त्या अंगणात आहे. तिरुपतीला नेलेल्या प्रतिकृतीत तो आम्हाला सापडला नाही.

इथपर्यंतची बाजू आपल्या वाचकांना बरीचशी माहीत असेल. पुढची कमी बोलली जाते.

स्वतंत्र भारताचा अवकाश कार्यक्रम सुरू झाला तो केरळच्या किनाऱ्यावर, तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा गावात. पृथ्वीची चुंबकीय विषुवरेषा तिथून जाते म्हणून ती जागा निवडली. तिथे मच्छीमारांची वस्ती होती आणि त्यांचे मेरी मॅग्डालेनचे चर्च होते. बिशप पीटर परेरा यांच्या संमतीने चर्च आणि बिशपचे घर शास्त्रज्ञांना दिले गेले, मच्छीमार दुसरीकडे हलले. चर्चच कार्यालय झाले. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे होते, आतले उपकरण फ्रान्सचे. रॉकेटचे भाग सायकलवरून नेतानाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या फोटोंत शास्त्रज्ञ दिसतात, गाव सोडून गेलेले कोळी दिसत नाहीत. नंतर मोठ्या रॉकेटसाठी आंध्रातले श्रीहरीकोटा बेट घेतले. त्या बेटाच्या जंगलावर यानादी आदिवासी जगत होते. मध, कंदमुळे, मासे, लाकूडफाटा. ९ ऑक्टोबर १९७१ ला तिथून पहिले रॉकेट सुटले. यानाद्यांचे जंगलावरचे जगणे सुटले ते त्याच सुमारास. चांद्रयान उडाले ती हीच जमीन. टीव्हीवरच्या उलट्या मोजणीत त्यांचा कोणी उल्लेख केल्याचे आम्ही ऐकले नाही.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा कार्यक्रम उभा करणाऱ्या विक्रम साराभाईंनी सुरुवातीलाच त्याचा हेतू स्पष्ट केला होता. चंद्रावर जाण्यात किंवा माणूस उडवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याचे स्वप्न आपण पाहत नाही, पण समाजाच्या खऱ्या अडचणींवर प्रगत तंत्र वापरण्यात आपण कोणाच्याही मागे राहता कामा नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी वापरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखवले गेले ते त्याच विचारातून. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा जमिनीची छायाचित्रे घेणारा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह सोडला. पिके, जंगल, भूजल यांचे नकाशे त्यातून निघू लागले. अभिमान बाळगायचा तर या कामाचा बाळगावा, त्यात 'शिवशक्ती' नाही आणि वेदही नाहीत.

आता हाच आकाशातला डोळा आमच्या दळीच्या प्लॉटवर कसा पडतो ते बघा.

मुरबाड-शहापूरचे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि काही आपलीही कुटुंबे पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावर नाचणी, वरई, उडीद, खुरासणी करत आली. त्याला कोणी दळी म्हणतो, कोणी वरकस, कोणी नुसते 'प्लॉट'. सातबारा वनखात्याचा, घाम यांचा. इंग्रजांनी जंगल राखीव केले तेव्हापासून हे लोक आपल्याच जमिनीत अतिक्रमणदार. हा ऐतिहासिक अन्याय दूर करण्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा झाला. अन्याय झाला हे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे. अट अशी, की १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवायचे. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतात, शेतातले बांध, ताली, झोपडी, विहीर चालते, आणि दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. हे शेवटचे फार मोठे आहे. मनुस्मृतीने साक्षीलाही जात लावली होती. त्या देशात एका म्हाताऱ्या कातकरणीचा शब्द कायद्याने पुरावा मानला.

पण तिच्या शब्दाला छेद द्यायला उपग्रहाचे चित्र आले. चित्रात जंगल दिसते, शेत दिसत नाही, म्हणून दावा नामंजूर. वर ऐकवायचे की विज्ञान खोटे बोलत नाही. विज्ञान खोटे बोलत नाही हे आम्हाला मान्य आहे, म्हणून विज्ञानालाच विचारू. डिसेंबर १९९५ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१सी वरचा, जंगल आणि पिके ओळखायला सर्रास वापरला जाणारा रंगीत कॅमेरा जमिनीचा एक ठिपका टिपत असे तो साडेतेवीस मीटर लांब-रुंद. म्हणजे एका ठिपक्यात साधारण साडेपाच गुंठे. कातकऱ्याचा दहा गुंठ्यांचा प्लॉट त्यात दोन ठिपकेही पुरते भरत नाही, आणि कडेचे ठिपके शेजारच्या ऐनाच्या, मोहाच्या झाडांत मिसळून जातात. त्याच उपग्रहावर ५.८ मीटरचा अधिक बारीक कॅमेरा होता, मे २००५ मध्ये आलेल्या कार्टोसॅट-१ चा अडीच मीटरचा, पण ही चित्रे काळी-पांढरी. त्यांत ठिपका लहान होतो, हिरव्याचा प्रकार मात्र ओळखू येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ढगांची. नाचणी-वरई पावसाळ्यात उभी असते. आषाढापासून अश्विनापर्यंत सह्याद्रीवर ढगांचे छप्पर असते आणि साधा कॅमेरा ढगातून पाहू शकत नाही. ढगातून पाहणारा आपल्याच बनावटीचा रडारचा उपग्रह, रिसॅट-१, आला तो एप्रिल २०१२ मध्ये, म्हणजे कायद्याच्या तारखेनंतर सहा वर्षांनी. म्हणून स्वच्छ चित्रे मिळतात ती पीक कापून झाल्यावर, हिवाळा-उन्हाळ्यातली. १३ डिसेंबरला नाचणीच्या शेतात काय दिसणार? वाळलेले गवत आणि धसकटे. शिवाय दळी दरवर्षी सगळी कसत नाहीत. जमिनीला दम द्यायला काही वर्षे पडीक टाकतात, तिथे झुडपे माजतात. आकाशातून ते जंगलच वाटणार. हे ज्याने आयुष्यात एकदा तरी राब भाजला आहे त्याला सांगावे लागत नाही. संगणकासमोर बसलेल्याला मात्र ते कोणी शिकवलेले नसते.

हेच गुजरातमध्ये झाले तेव्हा लोक कोर्टात गेले. २०१२ मध्ये केंद्राने वनहक्क नियमांत सुधारणा केली आणि नियम १२-अ मध्ये लिहिले, उपग्रहाची चित्रे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत. २०१३ साली गुजरात उच्च न्यायालयानेही नामंजूर दावे पुन्हा तपासायला लावले. तरी फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे नामंजूर झालेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि भारतीय वन सर्वेक्षणाला अतिक्रमणांची उपग्रहाने पाहणी करायला सांगितले. देशभर ओरड झाल्यावर पंधरा दिवसांत तो आदेश स्थगित झाला. स्थगिती म्हणजे सुटका नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आपल्या बौद्ध कुटुंबांचा प्रश्न तर आणखी अवघड. आदिवासी नसलेल्या जंगलवासीयाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. २००५ मधून ७५ वजा करा, १९३० येते. जगातला पहिला उपग्रह ४ ऑक्टोबर १९५७ ला उडाला. जमिनीची छायाचित्रे घेणारा अमेरिकेचा लँडसॅट १९७२ ला. १९३० साली आमच्या डोंगरावर पाहायला आकाशात चंद्र-सूर्याखेरीज कोणी नव्हते. तिथे चित्र मागणारा अधिकारी आणि गिराणाला राहू सांगणारा भट यांच्यात आम्हाला फारसा फरक करता येत नाही.

याच प्रश्नासाठी ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला लाँग मार्च कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यातून चालत गेला. फाटक्या चपला आणि फोड आलेले पाय सगळ्या देशाने पाहिले. दहावीच्या मुलांच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून ती माणसे रात्री चालून १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानात पोहोचली. सहा महिन्यांत वनदावे निकाली काढू, असे सरकारने सांगितले. मार्च २०२३ मध्ये पुन्हा तोच मोर्चा निघाला तो आमच्या वाशिंदला थांबला, आणि तिथे मुक्कामात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर पाच महिन्यांनी चांद्रयान उतरले. लाल झेंड्याशी आमचे मतभेद आहेत, ते जगजाहीर आहेत आणि राहतील. पण त्या रस्त्यावर चालणाऱ्यांत आपला किती माणूस होता, हा प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे.

मग काय, उपग्रह पाडायचे? मुळीच नाही. यंत्राला शिव्या देणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात त्यांनी गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला तो यासाठीच. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या हाती देणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९४२ ते ४६ या काळात मजूरमंत्री असताना धरणे, वीज, जलमार्ग यांचे नियोजन करणारे बाबासाहेब विज्ञानाला घाबरणारे नव्हते. (धरणांवरून आठवले: तानसा आणि भातसा शहापुरात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर शहापूरच्या पाड्यांना. यावर वेगळे लिहावे लागेल.)

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी यात एक रीत घालून दिली आहे, आणि त्यांच्याशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले होते. १५ जुलै १९६९, माणूस चंद्राकडे निघण्याचा आदला दिवस. मार्टिन ल्यूथर किंगचे सहकारी राल्फ ॲबरनॅथी काही शे गरीब काळ्या लोकांना आणि खेचरांच्या गाड्या घेऊन थेट केनेडी अवकाश केंद्राच्या दाराशी गेले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला मैदानात आले. ॲबरनॅथींनी उड्डाण थांबवा असे म्हटले नाही. अंतराळवीर सुखरूप परतावेत अशी प्रार्थना केली, देशाच्या पराक्रमाचा अभिमान आहे असेही सांगितले, आणि भुकेल्यांसाठी हेच तंत्र वापरा अशी मागणी केली. त्यांच्यातल्या काहींना उड्डाण पाहायला जागा मिळाल्या. देशाचा अभिमान आणि देशाकडे मागणी, दोन्ही एकाच तोंडाने.

आपल्या मागणीत आणखी एक गोष्ट हवी. केंद्राच्या आरक्षण नियमांत एक सूट आहे. गट 'अ'च्या सर्वात खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करण्याची किंवा त्याला दिशा देण्याची वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळण्याची मुभा खात्यांना आहे. म्हणजे जिथे काय मोजायचे हे ठरते, तिथे आपण असलो काय, नसलो काय. चांद्रयान-२ चा कॅमेरा शंभर किलोमीटरवरून चंद्रावरची २५-३० सेंटिमीटरची वस्तू ओळखतो. राब भाजणाऱ्या घरातली एखादी मुलगी दूरसंवेदनाच्या वरच्या खुर्चीत असती, तर पावसाळ्यातले पीक दाखवायला रडार आधीच का नाही, हा प्रश्न तिने विचारला असता. आमच्या तरुणांनी स्पर्धा परीक्षांच्या जोडीला भूगोल, भौतिकशास्त्र, नकाशाशास्त्र याही वाटा बघाव्यात, हे आम्ही गेली काही वर्षे सांगतो आहोत.

तोपर्यंत गावातले काम आहे. वनहक्काच्या सुनावणीत उपग्रहाचे चित्र पुढे केले तर तिथेच लेखी विचारा: चित्र कोणत्या तारखेचे, कोणत्या उपग्रहाचे, एका ठिपक्यात किती जमीन, आणि प्रत्यक्ष जागेवर पाहणी कोणी केली. नामंजुरी तोंडी घेऊ नका, कारणासह लेखी मागा; निर्णयाविरुद्ध वर जायला साठ दिवस असतात. जीपीएस असलेला साधा मोबाईल आता प्रत्येक पाड्यावर आहे. पावसात नाचणी उभी असताना प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर उभे राहून फोटो काढून ठेवा, बांधांचे आणि जुन्या मोहाच्या झाडांचे वेगळे काढा. आणि ज्या कुटुंबांनी '७५ वर्षे कुठून आणू' म्हणून दावाच टाकला नाही त्यांची यादी करायला घेऊ. १९३० च्या सुमाराचे, आपल्या आईबापांकडून ऐकलेले सांगू शकतील अशी माणसे आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांचे जबाब येत्या पावसाळ्याआधी लिहून झाले पाहिजेत.